रोह्याचा माग

भोकरला बर्फ पडत नाही. थंड मुलखातली माणसं हिवाळ्यात घरामागच्या बर्फावर जनावरांचे ठसे वाचत बसतात. इथं ते पांदीतल्या फुफाट्यात आणि पाणी दिलेल्या रानात वाचावे लागतात. पावसाळ्यात माग धुऊन जातो, उन्हाळ्यात भुईला खूर उमटत नाही. पौषात मात्र दवानं माती दबते, आणि सकाळचं तिरपं ऊन पडलं की मुंगसाची नखंसुद्धा मोजून घ्यावीत.

याच भोकर तालुक्यातल्या एका गावी दोन भाऊ होते. वाटण्या झाल्या, मध्ये धुरा आला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. एका सकाळी धाकटा हरभऱ्यात गेला, तर घाटे धरलेलं पीक शेंड्यापासून खुडलेलं. ओलीत दुभंगलेले मोठाले खूर, आणि त्यांच्यात चवड्याला ठिगळ असलेल्या चपलेचे ठसे. तसली चप्पल गावात एकाचीच.

"त्यानंच रातच्याला कालवडी सोडल्या," म्हणत धाकटा पोलीस पाटलाकडं निघाला. साक्षीला कुणी जाणतं हवं, म्हणून गुरं राखण्यात हयात गेलेल्या म्हाताऱ्याला त्यानं हाक मारली. "मामा, तुम्ही फक्त खूर बघून सांगा."

म्हातारा मागावर पाय न देता कडंकडंनं चालला. धुऱ्यावर थांबला. "ह्यो ससा कुणीकडं गेलाय?"

"वड्याकडं. पण सशाचं काय मधीच?"

"उलटा वाचलास. ससा उडी मारतो तवा मागचे पाय पुढच्यांच्या फुडं पडतात. मोठे ठसे जिकडं, तिकडं ससा. तो वड्याकडनं आलाय."

धाकटा चिडला, पण गप्प राहिला.

"आता खूर बघ. कालवडीचा रुंद, गोलसर असतो. ह्यो लांबट, टोकाला निमुळता." म्हातारा त्याला माळाच्या कडेला घेऊन गेला. तिथं लेंड्यांचा ढीग होता, जुन्या वाळलेल्यांवर ताज्या. "गाय चालता चालता पो टाकती. रोही फिरून फिरून एकाच जागी येतो. नीलगाय म्हणतात म्हणून गाय नव्हं ती."

"मग चप्पल काय रोह्याची हाय?"

"ती खुराच्या खाली हाय का वर?"

धाकटा वाकला. चपलेनं खुराची कड मोडली होती, म्हणजे माणूस मागून आलेला. टाच कुठं नीट उमटली नव्हती. चवडा तेवढा खोल रुतलेला. तिथूनच पुढं खूर पांगले होते, लांब लांब पडले होते आणि मागं मातीची ढेकळं उडाली होती.

"पळालाय," धाकटा पुटपुटला.

"रोह्यामागं. तुझ्या रानात."

ओढ्याच्या काठी चिखलात एक चप्पल रुतलेली सापडली, अंगठा तुटलेली. तिथून परतीचा माग धुऱ्यापर्यंत गेला होता, एका पायानं अनवाणी. त्या पट्ट्यात बाभळीची काटेरी फांदी पडलेली होती आणि माग नेमका तिच्यावरून गेला होता.

मामांना तिथंच सोडून धाकटा चप्पल घेऊन थोरल्याच्या आखाड्यावर गेला. थोरला बाजेवर बसून सुईनं टाच कोरत होता.

"दादा, हाक तरी मारायची."

"बोलणं बंद हाय नव्हं आपलं?" थोरल्यानं मान वर केली नाही. "सुई धर जरा. काटा खोल गेलाय."

धाकट्यानं पाय मांडीवर घेतला.

"वनखात्याकडं भरपाईचा अर्ज दे आजच," थोरला म्हणाला. "पंचनामा करायला येतील. तवर त्या मागावरनं गुरं जाऊ देऊ नको. नाहीतर रोह्यानं खाल्लं हे कुणी मानायचं नाही. आन् आज जागलीला तू ये. माझ्यानं पळणं व्हायचं नाही."