ओलीचा हिशेब

आमच्या घरात मुंगळे आहेत असं मी बँकेत सांगितलं, तेव्हा आमचे कॅशियर म्हणाले, "कोणाच्या घरात नाहीत?" "पण आमचे पाळलेले आहेत," असं मी म्हटलं. त्या दिवसापासून ते माझ्या हातची बंडलं दोनदा मोजून घेतात.

खरं तर मुंगळे चिरंजीवांचे. मागच्या वर्षी पहिल्या पावसानंतर पंख गाळून अंगणात हिंडणारी एक राणी त्यानं काचेच्या नळीत घातली. नळीच्या बुडाशी पाणी आणि त्यावर कापसाचा बोळा. (कापसाला मारेगावात काय तोटा!) बाईसाहेबांनी अन्नाचा कण न खाता अंगातल्या शिलकीवर पहिली पोरं वाढवली. ठेवी मोडून मुलांना शिकवणारे खातेदार मी रोज पाहतो. मला एकदम आदर वाटला. पुढे हे कुटुंब प्लास्टर ऑफ पॅरिसच्या घरट्यात राहायला गेलं, चिरंजीव क्लाससाठी नागपूरला गेले आणि ऐन उन्हाळ्यात घरट्यातली ओल सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम नाजूक. ओल कमी पडली की अंडी-अळ्या सुकतात. जास्त झाली की बुरशी धरते. मी पडलो कॉमर्सचा. ओल मोजायचं एक चिमुकलं यंत्र होतं, त्यावरून सकाळची शिल्लक, दुपारचा खर्च, रात्रीची जमा अशी वहीच घातली. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारच्या खर्चाचं विचारूच नका. एका दुपारी आकडा फारच उतरला, म्हणून मी सगळ्या घरट्यावर सढळ हातानं पाणी सोडलं. आई पाहत होती. म्हणाली, "मुंगीले मुताचा पूर रे बाबू!" वाकून पाहतो तो सगळे मुंगळे पिल्लं तोंडात धरून वरच्या काचेला चिकटलेले. उपकारकर्त्याचे आभार कोणीच मानले नाहीत.

मग थोडं वाचलं. सर जॉन लबक नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंग्या पाळत. त्यांची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षं जगली. (आमच्या राणीनं मनावर घेतलं तर माझ्या निवृत्तीपर्यंत काळजी नाही.) हे लबक पेशानं बँकर! १८७१ साली इंग्लंडात बँकांच्या सुट्यांचा कायदा आणला तो त्यांनीच. माझी तर भक्तीच जडली. पण माझी चूक दाखवली ती शार्ल जाने या फ्रेंच इंजिनिअरनं. प्लास्टरच्या घरट्याचं एक टोक ओलं ठेवायचं, दुसरं कोरडं, एवढीच त्याची युक्ती. किती ओल हवी ते मुंग्या ठरवतात आणि त्याप्रमाणे पिल्लं इकडून तिकडे नेतात. म्हणजे मी महिनाभर ज्या योग्य आकड्याचा पाठलाग करत होतो, तो त्यांना रोज नवा लागतो. वारुळात त्या वर-खाली करून भागवतात. माझ्या डब्यात जायला जागाच नव्हती. होता तो माझा चांगुलपणा, चारी कोपऱ्यांत सारखा पसरलेला.

आता मी एकाच कोपऱ्यात पाणी सोडतो. वही बंद केली.

पण एक रुखरुख आहे. ओला कोपरा माझा, कोरडा कोपराही माझाच, आणि डब्याला झाकण. एवढ्या निवडीला स्वातंत्र्य म्हणायचं की सोय? दुसऱ्याला आपल्याकडे आणलं की त्याला काय मानवतं हे ठरवायचा हक्क आपल्याला मिळतो, असं मी धरूनच चाललो होतो. बाबा गेल्यावर खेड्यातलं घर विकून आईला मी इथं आणलं. तिची खाट नेमकी कूलरसमोर टाकली. "मले नाही मानवत तुहा कूलर, गुडघे आखडते," असं ती दोन उन्हाळे सांगत होती आणि मी तिला तापमान सांगत होतो.

परवा रात्री दोन वाजता उठलो तर खाट रिकामी. आई ओसरीत, गोधडी भिंतीशी घेऊन शांत झोपलेली. ती कितव्यांदा तिथं झोपत होती कोण जाणे. पहाटे मी उठायच्या आत ती परत खाटेवर येत असावी, मला वाईट वाटू नये म्हणून.

सकाळी मी विचारलं, "आई, खाट कुठं टाकू?"

"आता इचारतं?" म्हणाली. मग माझ्याकडे, मग कूलरकडे पाहिलं. "राहू दे आज इथंच. उद्याचं उद्या पाहू."