पायांची पोथी

ग्रंथाची पोथी कसर लागून जाते, पाण्याने भिजते, तरी तिची दुसरी प्रत कोठेतरी सापडेल अशी आशा असते. नृत्याची पोथी म्हणजे नाचणाराचे शरीर. ते पडले की पोथी गेली. मग ती राखावी कशी?

कोणी म्हणेल, "महाराज, वारकऱ्याला नृत्याशी काय कर्तव्य?" अहो, नामदेवराय वाळवंटात कीर्तनाला उभे राहिले ते काय खांबासारखे? टाळ वाजतो, मृदंगाचा ठेका पडतो, आणि सारी ओळ एक पाय पुढे, एक मागे टाकीत एकाच अंगाने डोलते. ती आपली पावली नृत्य नव्हे तर काय? भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी हीच शंका काढतात. अभिनयाने गीताचा अर्थ कळतो. मग ज्याला अर्थच सांगायचा नाही ते नृत्त कशाला? मुनींचे उत्तर असे की, नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नाही, ते शोभा उत्पन्न करते. मला हे उत्तर फार गोड वाटते. भजनात नाचणारा तरी देवाजवळ काय मागत असतो?

त्याच अध्यायात १०८ करणे सांगितली आहेत. करण म्हणजे हाताचा आणि पायाचा एकत्र योग. चिदंबरच्या गोपुरात ती श्लोकांसह कोरली आहेत. तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले, तेथे मात्र ८१ करणेच कोरली गेली. पुढचे दगड कोरेच आहेत! अभिनवगुप्ताची अभिनवभारती ही टीका काश्मिरात लिहिली गेली, आणि तिची हस्तलिखिते मिळाली केरळात, तीही इतकी अशुद्ध की बडोद्याच्या मालेत १९२६ पासून ती छापणारे रामकृष्ण कवी म्हणाले, खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरले तरी त्यांना मूळ पाठ लावणे कठीण जाईल. आपल्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला, त्याचा सातवा अध्याय सगळा नर्तनाचाच. म्हणजे लिहिण्यात आपले पूर्वज कमी पडले नाहीत, बरं का! पण ग्रंथ वाचून पाय हलत नाही. डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी दगडातील आकृती हा चालत्या हालचालीतला एक क्षण आहे असे धरले, आणि ती करणे पुन्हा अंगावर बसवली, तेव्हा कोठे दगड बोलू लागला.

याउलट तंजावरचीच दुसरी गोष्ट. सरफोजीराजे भोसले यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू होते. नृत्याचे पाठ कोणत्या क्रमाने द्यावेत, हे त्यांनी बसवून दिले. तो क्रम शिष्यांच्या पायांतून चालत आला, म्हणून आजही भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलीला तो मिळतो. मणिपूरच्या वैष्णवांचे संकीर्तन पाहा. गाणे, वाद्य आणि नाच तिन्ही एकत्र, अगदी आपल्या दिंडीचे भावंड. युनेस्कोने २०१३ साली त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. मान मिळाला, चांगले झाले. पण ते टिकले आहे ते तेथील मंडपात पोर म्हाताऱ्याच्या मागे उभे राहते म्हणून.

१९१७ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले आणि त्याच वर्षी जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. एकीकडे पोथ्या जपल्या, दुसरीकडे जिवंत परंपरा. पावलीला दोन्ही हवे आहे.

एका वृद्ध टाळकऱ्यांना मी विचारले, "बाबा, दुसरे पाऊल नेमके कोठे पडते?" त्यांना सांगता येईना. उठून उभे राहिले, टाळ हातात घेतला, आणि पाऊल आपसूक पडले. हे लिहून कसे घ्यायचे? आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. रिंगणाच्या वेळी शेकडो हात वर होतात, घोडा टिपला जातो, गर्दी टिपली जाते, पाय मात्र कोणी टिपीत नाही! पोरे मग त्या चित्रावरून शिकतात ती दिखाऊ उडी; लय सुटते, आणि शेजाऱ्याचा खांदा लागतो. पावली एकट्याची नव्हे, ओळीची आहे, हे चित्रात दिसत नाही.

तेव्हा दिंडीतील तरुणांना माझे एवढेच मागणे. म्हाताऱ्या टाळकऱ्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन, मोबाईल खाली धरा. कमरेपासून खालचे चित्र घ्या, आधी संथ लयीत, मग चढत्या लयीत. मृदंगाचे बोल वहीत उतरवा. कोणत्या चालीवर ही पावली पडते, त्यांना ती कोणी दिली, कोणत्या गावची, तेही लिहा. मग यंत्र खिशात घाला आणि त्यांच्या मागे उभे राहा. पहिल्या दिवशी टाळ घेऊ नका, नुसते पाय टाका.