द्या इकडे, मी करतो!

बहुतेक परोपकारांची सुरुवात ‘द्या इकडे, मी करतो’ या चार शब्दांनी होते. डब्याचं घट्ट बसलेलं झाकण असो, सुईत ओवायचा दोरा असो की मोबाइलवरून पाठवायचा फोटो असो. समोरचा चाचपडायला लागला की आपला हात शिवशिवतो. दोन सेकंदांत आपण ते करून देतो, समोरचा ‘थँक्यू’ म्हणतो आणि आपण ते पुण्य जमेच्या बाजूला लिहून मोकळे होतो. आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. प्रत्येक जमेची रक्कम कुठं तरी नावे पडलेली असते, एवढं तर बी.कॉम.ला शिकवतात. हे पुण्य कुणाच्या नावे पडतं, हा प्रश्न मला एका शाळेत पडला.

आमच्या शाखेनं त्या शाळेला चाकांवरचा, कपाटाएवढा डिजिटल फळा भेट दिला आणि तो वापरायचा कसा हे शिक्षकांना शिकवायला माझी निवड झाली. पात्रता काय? तर छपाईयंत्रात अडकलेलं एक पासबुक मी न फाडता बाहेर काढलं होतं. साहेबांच्या मते अशा माणसाला तंत्रज्ञान येतं. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी, शाळेला नाही. सबंध सहामाही मी त्या शनिवारी शाळेत जात होतो.

पहिल्या शनिवारी फळा दिसेना. तो हेडसरांच्या खोलीत कुलपात, चादरीखाली होता. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातला होता. हळदकुंकवाची बोटं काचेवर शिल्लक होती.

“वर्गात नेला आणि पोरांनी फोडला तर?” हेडसर म्हणाले. “डेडस्टॉक रजिस्टरला सही माझी आहे, साहेब.”

याला शिकलेली माणसं ‘नव्याची भीती’ म्हणतात. मला नाही हसू आलं. कॅश कमी भरली तर स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या जमातीतला मी. सही म्हणजे काय असते ते मला कळतं. शाळा समितीनं ‘नुकसान झाल्यास एकट्या मुख्याध्यापकांवर येणार नाही’ असं लिहून दिलं, त्या दिवशी चादर निघाली.

तसा आपल्याकडे या बाबतीत क्रमच मजेदार आहे. निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पाठवणारी केंद्र सरकारची योजना १९८४ची, आणि प्राथमिक शाळांना निदान दोन खोल्या, दोन शिक्षक नि फळा मिळावा म्हणून निघालेली खडू-फळा मोहीम १९८७ची! कॉम्प्युटर आधी, फळा मागाहून. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८०च्या सुमाराला सांगून ठेवलं होतं की, शिक्षकाला नवी रीत नुसती सांगून-दाखवून ती वर्गापर्यंत पोचत नाही. नंतर वर्गात त्याच्या सोबत कुणीतरी असावं लागतं. आपली प्रशिक्षणं मात्र तीन तासांची. भाषण, चहा-बिस्किट, हजेरीवर सही, फोटो.

सोबत असणं म्हणजे काय, ते गणिताच्या सरांनी मला शिकवलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. खडूनं नुसत्या हातानं असं वर्तुळ काढत की कंपासपेटीनं मान खाली घालावी. मी बटण दाबून वर्तुळ काढून दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, “साहेब, माझं काय वाईट होतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण वर्गात, बेचाळीस मुलांसमोर, त्यांचं बोट काचेवर अडायला लागलं. रेघ हवी तिथं नको ती चौकट उघडे. कपाळावर घाम. मागच्या बाकावर खुसखुस. आणि माझ्या ओठांवर ते चार शब्द.

इथंच खरी पंचाईत आहे. कोअर बँकिंग आलं तेव्हा आमच्या हेडकॅशियरांना शिकवायला वरून एक मुलगा आला होता. फार गुणी. हेडकॅशियर ‘ए’ शोधत असले की तो कीबोर्ड ओढून घेई. महिन्याभरात आमचे हेडकॅशियर एकच गोष्ट शिकले, त्याला हाक मारायला. तो गेला त्या दिवशी, पावसाळ्यात आई माहेरी गेलेल्या पोरासारखे दिसत होते. त्या मुलानं जे केलं त्याला आम्ही सगळे मदत म्हणत होतो. तो खरं तर उरकत होता.

पण मग उरकू नये का? काउंटरबाहेर रांग होतीच ना! सरांना चाचपडण्याचा हक्क आहे हे मान्य. पण तास पस्तीस मिनिटांचा, आणि तो माझाही नाही, सरांचाही नाही, त्या बेचाळीस मुलांचा आहे. दुसऱ्याच्या वेळेतून औदार्य दाखवणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर चेक फाडणं. यावर तोडगा म्हणून आम्ही शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसू लागलो. मी हात पाठीमागे बांधून. तरी वर्गात अडायचं ते अडायचंच. एकदा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, बोट उचलू नका, सरकवा.” मी श्वास रोखला. सर म्हणाले, “कसं म्हणतेस? ये, दाखव.” त्यांचा मान कमी झालेला मला तरी दिसला नाही.

मग दिवाळीआधीच्या शनिवारी सरांनी जिओजेब्रावर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या त्या भूमितीच्या प्रोग्रॅमवर, त्रिकोण काढला. एक टोक धरून ओढलं. त्रिकोण ताणला, वाकला; कोन बदलत राहिले. खडूचा त्रिकोण जागचा हलत नाही. हा हलत होता. मुलं भराभर बेरजा करत होती. एकशेऐंशी, एकशेऐंशी. सरांनी पुन्हा टोक सरकवलं : ६१.२४, ५८.४४, ६०.३३.

“सर, १८०.०१ येतंय!” एक पोरगा ओरडला.

माझ्या पोटात गोळा आला. पैशाचा फरक लागला तर दिवस बंद होत नाही, असल्या घरातला मी. यंत्र दोनच दशांश स्थळं दाखवत होतं, पुढचं गोळाबेरीज करून. हे आकडे वाढवायची सोय कुठं आहे ते मला ठाऊक होतं. दोन टिचक्यांचं काम. मी पाऊल उचललं.

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “एक शतांश जास्त आला कुठून?” त्यांनी वर्गाला विचारलं, आणि बाजूच्या काळ्या फळ्याकडे जाऊन खडू उचलला. घंटा झाली. पुढचा तास मराठीचा होता. बाई दारात येऊन थांबल्या होत्या, पण आतल्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.