अवघड कोणासाठी?

मजकूर वाचायला किती सोपा आहे हे आकड्यात सांगणाऱ्या पद्धतीला वाचनसुलभतेचे मापन म्हणतात, आणि त्यातले सर्वांत प्रसिद्ध सूत्र व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये मांडले. वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती उच्चारघटक, म्हणजे एकेका स्वराभोवती बांधलेले ध्वनींचे तुकडे, एवढ्या दोनच गोष्टी ते मोजते. उत्तर शंभराच्या जवळ आले तर मजकूर सोपा, तिसाच्या खाली गेले तर अत्यंत कठीण.

इंग्रजीसाठी बेतलेले हे माप ‘आईने मुलांसाठी घरातून पाणी आणले’ या वाक्याला लावले, तर पाच शब्दांत चौदा उच्चारघटक भरतात आणि उत्तर उणे पस्तीस येते. दुसरीतले मूल वाचील असे हे वाक्य कठीण ठरते, कारण मराठी आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून लिहिते.

सूत्र मराठीसाठी दुरुस्त करता येईल. तरीही लांबी मोजून अर्थ मोजला जात नाही, ही उणीव उरतेच. सातबाऱ्यावरील ‘बोजा’ हा शब्द दोनच अक्षरांचा आहे. जमिनीवर कर्जाचा भार आहे, हा त्याचा अर्थ पीककर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला विचारावा लागत नाही, पण शहरात वाढलेला त्याचा वारस त्याच शब्दापाशी अडतो. म्हणजे काठिण्य कागदात जितके असते तितकेच कागद आणि वाचणारा यांच्यामधल्या अंतरात असते, आणि ते अंतर कमी करण्याचे काम लिहिणाऱ्याचे आहे.

फ्लॉरिडासारख्या काही अमेरिकी राज्यांनी विमापत्राला फ्लेशच्या मापाने किमान ४५ गुण सक्तीचे केले, यातला न्यायाचा विचार मोलाचा आहे, कारण न समजल्याचा दोष त्याने वाचकाच्या माथ्यावरून उचलून लेखकाकडे नेला. मात्र वाक्ये तोडूनही गुण वाढवता येतात. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली चाचणी अधिक प्रामाणिक वाटते: मजकुरातला ठरावीक अंतरावरचा शब्द गाळायचा आणि रिकाम्या जागा वाचकाकडून भरून घ्यायच्या. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर नातेवाईक ‘कुठे सही करू?’ एवढेच विचारतो, तेव्हा ते पत्र छापण्यापूर्वी त्याच्यासारख्या दहाजणांना असे भरायला दिले होते का, हे रुग्णालयाला विचारले गेले पाहिजे.