लोणावळ्याचा मासा

मावळात परकं म्हटलं की आधी घाणेरी आठवते. मग बांधावरचं गाजरगवत, आळंदीला इंद्रायणीचं पात्र झाकून टाकणारी जलपर्णी. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. परका जीव सातासमुद्रांपलीकडूनच येतो, अशी माझी समजूत त्यातूनच झाली. चार्ल्स एल्टन यांनी १९५८ साली आक्रमक जीवांवर पुस्तक लिहिलं, त्यातही बेटांना मोठी जागा आहे. बेटं दूर समुद्रात. आपला काय संबंध, असं वाटायचं.

ही समजूत मोडली ती आमच्याच एका माशाने. निळसर परांचा महाशीर. साईक्स यांनी १८३९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. इंद्रायणीवर देहूच्या डोहातल्या माशांना तुकोबांवरच्या श्रद्धेपोटी कुणी हात लावत नसे. बाकी नदीत मात्र सुरुंग लावून मासे मारले गेले, मैला मिसळला आणि धरणांनी वाहतं पाणी अडवलं. महाशिराला तर अंडी घालायला स्वच्छ, खळाळतं पाणीच लागतं. १९७० च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात त्याची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी मादीची अंडी हाताने काढून फलित केली, वाहत्या पाण्यात उबवली. ओल्या कापसात ठेवून ती विमानानेही पाठवता येतात, हे त्यांनी दाखवलं. लोणावळ्याची पिलं देशभर जाऊ लागली. या कामाबद्दलचा माझा आदर आजही तसूभर कमी झालेला नाही.

पण ही पिलं कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता: पाठीला उंचवटा, नारिंगी पर, वजन पन्नास किलोंच्या पुढे, आणि दुसऱ्या कुठल्याच खोऱ्यात न आढळणारा. तेव्हाचा विचार सरळ होता. महाशीर कमी होतोय ना, मग महाशीर सोडा. दोघेही भारतीय, दोघेही दख्खनी; परकेपणाचा प्रश्नच कुणाला पडला नाही. पुढे हौशी गळवाल्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की निळ्या परांचे वाढत गेले आणि उंचवट्याचे दिसेनासे झाले. धरणं, वाळूउपसा, चोरटी मासेमारी हीही कारणं होतीच. २०१८ साली त्या माशाची ‘टॉर रेमादेवी’ अशी ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो डोंगरमाथ्यांना, तळ्यांनाही लावला. मला तो खरा उमगला नदीकडे पाहताना. कृष्णा आणि कावेरी एकाच समुद्राला मिळतात, पण गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यातून पलीकडे जात नाही, डोंगर तर चढतच नाही. कृष्णेच्या खोऱ्यातल्या इंद्रायणीच्या माशाला कावेरी हे बेटच. तिथे त्याला आपण नेलं, मोठ्या मायेने.

संकटग्रस्त जीवांच्या लाल यादीत आमचा महाशीर आता सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. ते वाचून मन भरून आलं, आणि लगेच कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत, जंगलात उरलेले ते उंचवट्याचे थोडके मासे आठवले.