निकाल ज्याच्या हाती, त्याच्याशी बोलताना

१९५८ च्या नोव्हेंबरात लॉस एंजलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात एकोणीस वर्षांची एक तरुणी आली. संशोधनाच्या लिखाणात ती ‘अ‍ॅग्नेस’ या टोपणनावाने ओळखली जाते. जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. पण अंगकाठी, आवाज, वावर सगळं बाईचं होतं आणि जननेंद्रियं मात्र पुरुषाची. ती शस्त्रक्रिया मागायला आली होती. वयात येताना शरीर आपोआप असं घडत गेलं, असं ती सांगत होती. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्टोलर यांनी तिला तपासलं. हॅरोल्ड गार्फिंकेल या समाजशास्त्रज्ञाने तिच्याशी सुमारे ३५ तास गप्पा करून त्या ध्वनिमुद्रित केल्या. हे निसर्गाचंच एक दुर्मीळ रूप आहे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला आणि १९५९ मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. पुढे काही वर्षांनी ती स्टोलर यांना भेटली तेव्हा तिने सहज सांगून टाकलं की बाराव्या वर्षापासून ती आईला लिहून दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चोरून घेत होती. गार्फिंकेल यांचं पुस्तक १९६७ मध्ये आलं, त्यात ही कबुली त्यांना परिशिष्टात घालावी लागली.

एका मुलीने मोठमोठ्या तज्ज्ञांना फसवलं, अशा थाटात ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. मला ती वेगळी दिसते. त्या काळात अमेरिकेतले बहुतेक डॉक्टर पारलिंगी माणसाला शस्त्रक्रिया नाकारत. खरं सांगितलं असतं तर तीही रिकाम्या हाताने परत गेली असती. पस्तीस तास ती बोलली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तेवढी राहिली. ती गोष्ट बाहेर आली तेव्हा तिला समोरच्या माणसाकडून काहीही मिळवायचं उरलं नव्हतं.

जेंडर डिस्फोरियावर बोलण्यातून उपचार करता येतात का, या वादाची सुरुवात मी इथून करतो. डिस्फोरिया म्हणजे शरीर आणि जन्मावेळी नोंदलेलं लिंग एकीकडे, स्वतःची आतून होणारी ओळख दुसरीकडे, आणि या फारकतीतून होणारी खोल घुसमट. ती घुसमट हार्मोन आणि शस्त्रक्रियेने हलकी करावी की संवादोपचाराने, असा प्रश्न गेली काही वर्षं विचारला जातो आहे. लंडन, स्टॉकहोम, वॉशिंग्टन इथे त्यावर अहवाल निघतात, न्यायालयात खटले उभे राहतात. पण संवादाचा परिणाम काय होतो हे विचारण्याआधी तो कोणाशी आणि कशासाठी चालला आहे हे विचारलं पाहिजे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याच हाती आपला निकाल असेल, तर माणूस खरं बोलत नाही. गेल्या शंभर वर्षांचा हा इतिहास मला तरी या एका गोष्टीचा इतिहास वाटतो.

बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिकविज्ञानाची संस्था उघडली. विरुद्ध लिंगाचा पोशाख घालणाऱ्यांना पोलिसांनी पकडू नये म्हणून तिथले डॉक्टर वैद्यकीय दाखला देत आणि त्यावर पोलीस परवाना मिळे. आपल्यासारखीच माणसं आणखी आहेत हे तिथे येणाऱ्याला समजावं, त्यांच्यात त्याचं मन रमावं, हाच तिथल्या संवादाचा हेतू होता. ओळख पुसण्याचा उद्योग हिर्शफेल्ड यांनी केला नाही. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय रस्त्यावर निर्धास्त फिरता येत नाही, हा व्यवहार मात्र बर्लिनमध्येच रुजला. मे १९३३ मध्ये नाझींनी संस्था लुटली आणि तिचा ग्रंथसंग्रह चौकात जाळला.

युद्धानंतर अमेरिकेत मनोविश्लेषकांचा दबदबा होता. १९५२ च्या डिसेंबरात ख्रिस्तीन जॉर्गेन्सन यांच्या डेन्मार्कमधल्या शस्त्रक्रियेची बातमी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पहिल्या पानावर आली. त्यावर अनेक विश्लेषकांचं म्हणणं पडलं की भ्रम मनात असेल तर सुरी शरीरावर का चालवायची? मन वळवा. ते वळवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं झाले, कोचावर झाले, विजेचे धक्के देऊनही झाले. हॅरी बेंजामिन हे मूळचे बर्लिनचे, हिर्शफेल्ड यांना ओळखणारे डॉक्टर. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वच्छ लिहिलं की प्रौढ पारलिंगी व्यक्तीची ओळख मानसोपचाराने बदलत नाही. मन शरीराला जुळत नसेल तर शक्य तेवढं शरीर मनाला जुळवावं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने शस्त्रक्रियेसाठी क्लिनिक उघडलं.

इथे संवाद संपायला हवा होता. तो संपला नाही, त्याची जागा बदलली. आता तो दारावर बसला. शस्त्रक्रिया कोणाला द्यायची हे मुलाखतीवरून ठरू लागलं. बेंजामिन यांचं पुस्तक हातोहात फिरायचं, कारण मुलाखतीत कुठलं उत्तर चालतं ते त्यात सापडायचं. पुढे पारलिंगी अभ्यासक सॅंडी स्टोन यांनी आपल्या निबंधात हे उघड लिहिलं. स्टॅनफर्डच्या नॉर्मन फिस्क यांना रुग्ण पाठ केलेल्या जीवनकथा सांगतात हे जाणवलं होतं. १९७० च्या दशकात ‘जेंडर डिस्फोरिया’ हे निदान वापरात आणणारे फिस्क हेच. लहानपणापासून बाहुल्याच आवडायच्या, शरीराची शिसारी यायची, पुरुषाशी लग्न करायचं आहे, अशा त्या कथा असत. शब्द वेगळे, साचा एकच.

साच्यात न बसणाऱ्याचं काय होतं ते लू सलिव्हन यांनी अनुभवलं. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे सलिव्हन जन्माने मुलगी म्हणून वाढलेले. त्यांना पुरुष व्हायचं होतं आणि त्यांचं प्रेम पुरुषांवर होतं. त्यांनी हे लपवलं नाही. स्टॅनफर्डच्या क्लिनिकने १९८० मध्ये त्यांना नकार दिला. स्त्री असून पुरुष आवडत असतील तर पुरुष कशाला व्हायचं, हे कोडं तिथल्या तज्ज्ञांना सुटेना. सलिव्हन यांनी पुढे अन्य मार्गाने उपचार घेतले आणि ही अट निघावी म्हणून १९९१ मधल्या मृत्यूपर्यंत डॉक्टरांशी पत्रव्यवहार केला. अ‍ॅग्नेस खोटं बोलली, तिला उपचार मिळाले. सलिव्हन खरं बोलले, त्यांच्यासमोर दार लागलं. पुढे येणाऱ्या प्रत्येकाने यातून कोणता धडा घेतला असेल हे सांगायला नको.

१९७९ मध्ये बेंजामिन यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघटनेने उपचारांची पहिली प्रमाणपद्धती लिहून काढली. तिच्यात मानसतज्ज्ञाच्या शिफारसपत्रांना कायमची जागा मिळाली. तीच संघटना आज डब्ल्यूपॅथ म्हणून ओळखली जाते. तिच्या सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, भूमिका बदलली होती: ओळख बदलण्याचा उपचार अनैतिक, आणि हार्मोन-शस्त्रक्रियेआधी मानसोपचार घेतलाच पाहिजे असंही नाही.

लहान मुलांचा भाग मात्र जास्त दुखरा आहे. १९७० च्या दशकात त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉर्ज रेकर्स आणि ओले इव्हार लोव्हास यांनी पाचेक वर्षांच्या एका मुलावर प्रयोग केला. तो मुलींसारखं वागला की आईने तोंड फिरवायचं, मुलासारखं वागला की कौतुक करायचं. घरी निळ्या चकत्या बक्षिसाच्या, लाल चकत्या शिक्षेच्या, आणि त्या शिक्षेत वडिलांचा मारही होता. १९७४ च्या शोधनिबंधात हा उपचार यशस्वी म्हणून मांडला गेला. तो मुलगा मोठा झाला, समलैंगिक होता, आणि २००३ मध्ये त्याने आत्महत्या केली. कुटुंबाने पुढे जाहीरपणे या उपचाराला दोष दिला. एका मृत्यूवरून सिद्धान्त काढू नये हे मला मान्य आहे. पण पोराच्या तोंडचं काहीच ऐकून न घेता त्याला ‘बरा झाला’ ठरवणं, हे त्या निबंधाचं पाप त्या मृत्यूशिवायही पापच आहे. रिचर्ड ग्रीन यांनी बायकी वाटणाऱ्या मुलांचा पंधरा वर्षं मागोवा घेऊन १९८७ मध्ये पुस्तक लिहिलं. बहुतेक मुलं मोठेपणी समलैंगिक किंवा उभयलैंगिक झाली, आणि उपचार घेतलेल्यांत व न घेतलेल्यांत त्यांना फरक आढळला नाही. त्यांच्या गटात पारलिंगी होण्याकडे कल असलेला एकच होता.

ग्रीन यांचा हा शेवटचा आकडा आजच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक उचलतात. काही जण म्हणतात, बघा, बहुतेक मुलं यातून आपोआप बाहेर येतात, तर थांबा आणि बोला. दुसरे म्हणतात, त्या काळी बायकी वागणाऱ्या कुठल्याही मुलाला क्लिनिकमध्ये आणत, त्यातली सगळी पारलिंगी नव्हतीच. मला दुसऱ्या म्हणण्यात तथ्य जास्त दिसतं, पण पहिलं म्हणणं अगदी झटकून टाकता येत नाही.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या पेगी कोहेन-केटेनिस यांनी मधला रस्ता काढला. नीट मानसिक तपासणी, मग वयात येणं तात्पुरतं थांबवणारी औषधं, त्या अवकाशात बोलणं, विचार करणं, आणि सोळाच्या आसपास हार्मोन. त्या गटाचे २०११ आणि २०१४ चे निष्कर्ष आशादायक होते. ते जगभर उचलले गेले. पण अ‍ॅम्स्टरडॅमने रुग्ण फार निवडून घेतले होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकच्या बालविभागाकडे २००९ मध्ये पन्नासहूनही कमी मुलं पाठवली गेली होती, २०२१-२२ मध्ये पाच हजारांहून जास्त. प्रतीक्षायादी वर्षांच्या हिशेबात मोजली जाऊ लागली. इतक्या रेट्यात शांतपणे बसून बोलायचं कोणी आणि कधी? तिथल्याच रुग्ण कीरा बेल यांनी सोळाव्या वर्षी वयात येणं थांबवणारी औषधं, पुढे टेस्टोस्टेरॉन, विसाव्या वर्षी छातीची शस्त्रक्रिया असा प्रवास केला आणि नंतर त्या मागे फिरल्या. क्लिनिकने मला आणखी प्रश्न विचारायला हवे होते, असं म्हणून त्या न्यायालयात गेल्या. २०२० मध्ये जिंकल्या, २०२१ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. निकाल काहीही लागो, आपल्याला कोणी नीट विचारलंच नाही ही त्यांची तक्रार अ‍ॅग्नेसच्या गोष्टीची दुसरी बाजू आहे. एकीला उत्तरं पाठ करावी लागली, दुसरीला प्रश्नच पुरेसे आले नाहीत.

ब्रिटनमधल्या मुलांवरच्या या उपचारांची तपासणी करणाऱ्या डॉ. हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. वयात येणं थांबवणाऱ्या औषधांमागचा पुरावा कमकुवत आहे, हे त्यातलं वाक्य सगळीकडे पोहोचलं. त्याच अहवालासाठी यॉर्क विद्यापीठाने मानसिक आधाराच्या उपचारांवरचंही संशोधन तपासलं होतं. जगभरातून जेमतेम दहा अभ्यास सापडले आणि बहुतेक हलक्या प्रतीचे. ही बातमी फार कमी लोकांपर्यंत गेली. औषधांचा पुरावा तोकडा म्हणून संवाद द्या असं म्हणणाऱ्यांच्या हातात संवादाचा पुरावाही तोकडाच आहे. हे सांगितल्याशिवाय तो सल्ला प्रामाणिक होत नाही. दुःखाची उकल करणारं बोलणं म्हणजे ओळख बदलू पाहणारी कन्व्हर्जन थेरपी नव्हे, असं कॅस यांनी बजावलं. ते मला पटतं. पण ज्या देशात डिसेंबर २०२४ मध्ये त्या औषधांवर बेमुदत बंदी आली, तिथल्या पंधरा वर्षांच्या पोराला या दोन गोष्टींतला फरक कसा दिसणार? बाकीची दारं बंद करून एकच खिडकी उघडी ठेवायची आणि म्हणायचं, ये, मोकळेपणाने बोल.

अमेरिकेत मे २०२५ मध्ये आरोग्य खात्याने काढलेल्या अहवालाने तर मानसोपचारालाच पुढे केलं. लेखकांची नावं सुरुवातीला जाहीर केली नव्हती. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यावर कडक टीका केली. उलट बाजूचाही पुरावा तपासून घ्यायला हवा. २०१५ च्या सुमारे २७,७०० पारलिंगी प्रौढांच्या पाहणीवरून निघालेल्या एका अभ्यासात, ओळख बदलण्याचे प्रयत्न वाट्याला आल्याचं सांगणाऱ्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जास्त आढळलं. टीकाकारांनी दाखवलं की पाहणीतल्या प्रश्नावरून छळ कुठला आणि साधी चौकशी कुठली हे वेगळं करता येत नाही. टीका बरोबर आहे. तरीही इतक्या माणसांच्या आठवणी बाजूला सारण्याइतकी ती वजनदार मला वाटत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की ऐकणारा माणूस आणि सही करणारा माणूस वेगळे ठेवावेत. प्रौढांच्या बाबतीत हे अवघड नाही: संमती समजून-उमजून दिली आहे ना एवढं डॉक्टरने पाहावं, आणि ज्याला बोलायचं आहे त्याला असा समुपदेशक मिळावा, ज्याच्या वहीतलं एक अक्षरही फाइलमध्ये जाणार नाही. मुलांबाबत मात्र माझी ही युक्ती अपुरी पडते. तिथे कोणाला तरी ठरवावंच लागतं, आई-वडील त्यात असतात, आणि शरीर थांबून राहत नाही. अशा वेळी निदान एवढं व्हावं की मुलाने ‘मला शंका आहे’ म्हटल्याने त्याचा नंबर यादीत खाली जाणार नाही, आणि ‘मला खात्री आहे’ म्हटल्याने संभाषण तिथेच थांबणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता कुठे आकार घेतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांच्या आधी व नंतर समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या परिषदांना कळवलं. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांना या कामाचं खास प्रशिक्षण देते. पण घरच्यांनी हाताला धरून आणलेलं मूल आणि मनोविकारतज्ज्ञाच्या दाखल्यासाठी ताटकळणारा तरुण, हे दोघे समोरच्या खुर्चीतल्या माणसाला सारखेच घाबरतात. कायद्यातलं समुपदेशन त्यांना पारख वाटेल की आधार, हे त्या माणसाच्या हातात काय दिलं आहे यावर ठरेल.

आयोगाच्या त्या पत्रामागे मद्रास उच्च न्यायालयाचा जून २०२१ चा आदेश होता. घरच्यांपासून संरक्षण मागणाऱ्या दोन समलैंगिक तरुणींचा तो खटला होता. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल किंवा लिंगभावाची ओळख ‘बरी’ करण्याच्या प्रयत्नांना मनाई केली. तो आदेश लिहिण्याआधी आपल्याला हा विषय कळत नाही असं सांगून ते स्वतः एका मानसतज्ज्ञाकडे गेले, शिकण्यासाठी बसले, आणि आपले पूर्वग्रह निकालपत्रात नोंदवले. निकाल देण्याचा अधिकार असलेला माणूस इथे बोलायला गेला होता, आणि ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचा त्यांना काही सिद्ध करावं लागलं नव्हतं.