राखण आणि पाळत

पीक उभे असता शेताची राखण करावी लागते, हे आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. रानडुकरांच्या भयाने आपण रात्र रात्र मचाणावर काढतो. मग घरातील मुलाच्या हाती जो फोन आहे, त्यातून कोणी परका मनुष्य मध्यरात्री त्याच्याशी बोलू शकत असता आईबापांनी निजून राहावे काय? मुळीच नाही. परंतु राखण निराळी व पाळत निराळी, आणि हा भेद आमचे पुष्कळ बंधू विसरतात असे आम्हास दिसते.

२०२२ साली आपल्या राज्यातील दोन गावांनी ह्या गोष्टीचा विचार केला. आपल्याच अमरावती विभागात, यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलची बंदी केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही व फोन बंद ठेवण्याची वहिवाट सुरू झाली. दुसरा उपाय आम्हास अधिक आवडतो, कारण त्यात बापासही फोन खाली ठेवावा लागतो. तथापि बाकीच्या वेळी मुलाशी कोण बोलतो, हा प्रश्न राहतोच.

त्याचे उत्तर म्हणून कित्येक बाप मुलगी निजल्यावर तिचा फोन उघडतात, आणि मैत्रिणीस लिहिलेले चार शब्द दुसरे दिवशी जेवताना सर्वांदेखत वाचून दाखवितात. अशी मुलगी सुधारत नाही. ती लपविण्यास शिकते. पुढे एखादा लबाड मनुष्य गोड बोलून तिचे छायाचित्र मिळवितो आणि म्हणतो, "पैसे दे, नाहीतर हे तुझ्या बापास पाठवितो." त्या मनुष्याचे भांडवल कोणते? छायाचित्र नव्हे, बापाचा राग. हे घरी कळले तर आपली शाळा बंद होईल, घाईने लग्न उरकतील, हे त्या मुलीस ठाऊक असते. म्हणून ती मुकाट्याने सोसते. ज्या घरात मुलगी न भिता सांगू शकते, तेथे ती धमकी चालत नाही.

कोणी म्हणेल, मुलांस कसले आले खाजगीपण? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तर दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत : अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, आणि त्या मुलाची ओळख वृत्तपत्रांत उघड होता कामा नये. कळविणे व झाकणे ह्यांत विरोध नाही. कोणास कळवावे व कोणापासून झाकावे, हे समजले पाहिजे.

सात वर्षांच्या मुलाने फोन आईजवळ बसूनच पाहावा. त्यास त्यात काही अन्याय वाटणार नाही. सोळा वर्षांच्या मुलास मात्र आधी सांगावे की, तुझे जेवण तुटले, झोप उडाली, पैसे मागू लागलास, तर आम्ही विचारू व तुझ्यासमोर फोन पाहू. चोरून पाहणार नाही. संकट आलेच तर मजकूर पुसू नये, पैसे देऊ नयेत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ व फोनवरील फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. आणि त्या रात्री मुलास मारू नये.

आता आमचाच एक दोष सांगतो. मागील नाताळात रविवारच्या शाळेतील मुलांची छायाचित्रे, नावे व गावे लिहून, आम्ही मोठ्या कौतुकाने मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर घातली. ती तेथून कोठे कोठे गेली, कोण जाणे. आठवड्याने एका लहान मुलीने आम्हास गाठून विचारले, "गुरुजी, माझा फोटो टाकताना मला का नाही विचारलं?" आम्ही तो काढून टाकला, पण तिच्या प्रश्नास त्या वेळी आम्हास काही उत्तर देता आले नाही.